टाक्यावरचे गुरुवार

आमच्या संघटनेत माणूस पस्तिसाव्या वर्षापर्यंत नवोदित असतो. छत्तिसाव्या वर्षी तो काय होतो, हे नियमावलीत लिहिलेलं नाही.

ही संघटना माती आणि पाण्याचा अभ्यास करणाऱ्यांची. तिच्यात प्राध्यापक आहेत, सरकारी खात्यांतले आजी-माजी अधिकारी आहेत, आणि कोपऱ्यात आम्ही, म्हणजे पीएचडी झालेले किंवा होऊ घातलेले, पण अजून कुठे कायम न चिकटलेले. आमच्यासाठी वेगळा गट आहे. त्याची मी तीन वर्षं निमंत्रक होते. हे पद कुणी मागून घेत नाही. बैठकीत जो गप्प बसलेला असतो त्याच्या गळ्यात ते पडतं. मी भोरची, पण शिक्षण सगळं पुण्यात आणि इंग्रजी माध्यमात झालं. चार माणसांत बोलायचं तर मला आधी वाक्य मनात जुळवावं लागतं. त्या दिवशी "मला जमणार नाही" हे वाक्य जुळेपर्यंत टाळ्या वाजून गेल्या होत्या.

निमंत्रकाने काय करायचं? बाहेरच्या माणसाला वाटतं, तरुण शास्त्रज्ञ जमवून काहीतरी थोर चर्चा घडवायची. प्रत्यक्षात आठवण करून द्यायची. अर्जाची आठवण, वर्गणीची आठवण, ऑनलाइन बैठकीची आठवण, आणि बैठक सुरू झाल्यावर माइक बंद करण्याची आठवण. आमच्या व्हॉट्सअॅप गटात साठएक जण होते. त्यातले निम्मे फक्त "प्रमाणपत्र मिळेल का?" एवढं विचारायला उगवायचे. एकदा भाटघरला धरणाकाठची माती बघायला जायचं ठरवलं. अकरा जण येतो म्हणाले, चौघं आले. त्यातला एक आई-वडिलांना आणि धपाट्यांचा डबा घेऊन आला होता. धपाटे मात्र उत्तम होते, आणि त्या दिवशीचं माझ्या वहीतलं तेवढंच निरीक्षण आज शाबूत आहे.

एका सदस्याचा फोन अजून विसरत नाही. पीएचडीला त्याची नऊ वर्षं गेली होती. आधी मार्गदर्शक निवृत्त झाले, मग वडील आजारी पडले. त्याला पस्तीस पूर्ण होत होती आणि तरुणांच्या पारितोषिकाला अर्ज करायचा होता. "मॅडम, मला अजून एक वर्ष तरुण राहू द्या ना," तो म्हणाला. मी नियमावली उघडून पाहिली आणि नाही म्हटलं. नियम माझ्या हातात असला की मला बोलायला शब्द सापडतात. ही काही चांगली खूण नव्हे, पण तेव्हा मला ते कळलं नव्हतं.

नियमांवरूनच पुढची गोष्ट झाली, आणि खरं तर तीच सांगायला बसले आहे.

दुसऱ्या वर्षी आमच्या गटाने वेल्ह्यातले झरे मोजायचं काम घेतलं. डोंगरउतारावरच्या वाड्यांना झऱ्याचंच पाणी असतं. झरा मोजणं हे ऐकायला कठीण वाटतं, पण करायला सोपं आहे. दहा लिटरची बादली धारेखाली धरायची आणि ती भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचं. ओळीने तीनदा मोजून सरासरी काढायची. असं ऑक्टोबरपासून मेपर्यंत दर आठवड्याला केलं की झरा पावसाळ्यानंतर कसा कमी होत जातो ते कळतं.

एका वाडीचं काम अश्विनीकडे होतं. अश्विनी भोंगवलीची. घरची शेती, गावातली पहिली पीएचडी. पुण्यातल्या एका कॉलेजातली तिची कंत्राटी नोकरी मार्चमध्ये संपणार होती, आणि परदेशातल्या एका विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या शिष्यवृत्तीसाठी तिने अर्ज केला होता. "आण्णा रोज विचारतात ताई," ती वडिलांबद्दल सांगायची, "काय गं, झालीस का शास्त्रज्ञ? का अजून चालूच हाय?" हसत सांगायची, पण दर वेळी सांगायची.

तिच्या वाडीत झऱ्यावर एक दगडी टाकं बांधलेलं आहे. झरा टाक्याच्या तळातून दगडांच्या फटींतून येतो, त्यामुळे तो दिसत नाही. टाक्याच्या तळालगत एक पन्हळ आहे, तिच्यातून पाणी बाहेर पडतं. जेवढं आत येतं तेवढंच बाहेर जातं, म्हणून पन्हळीची धार मोजली की झरा मोजला गेला, असं आम्ही धरलं. अश्विनी एक गुरुवार सोडून एका गुरुवारी स्कूटीवरून सकाळी तिथे जायची. मधल्या गुरुवारी मोजायचं काम सोनाकाकींकडे होतं. साठीच्या बाई, चौथीपर्यंत शिकलेल्या, टाक्याच्या वरच्याच अंगाला घर. आम्ही त्यांना एक बादली, एक घड्याळ आणि एक वही दिली होती.

आणि मी एक नियम केला होता. भोरला घरी टेबलाशी बसून, इंग्रजीत, एका पानावर. दोन मापकांच्या आकड्यांत निम्म्याहून जास्त फरक पडला, तर प्रशिक्षित मापकाचा आकडा धरावा. प्रशिक्षित म्हणजे आम्ही. ते पान मी लॅमिनेट करून सगळ्या वाड्यांवर दिलं. सोनाकाकींनी ते देवळीत उभं करून ठेवलं होतं.

जानेवारीपर्यंत दोघींचे आकडे जुळत होते. फेब्रुवारीपासून फाटले. अश्विनीची बादली वीस-पंचवीस सेकंदांत भरायची, काकींची आधी चार मिनिटं घ्यायला लागली, मग आठ, मग चौदा. अश्विनीने मला विचारलं होतं, "ताई, काकींच्या नोंदी काढून टाकू का? घड्याळ नीट बघत नसतील." मी तेव्हा दुसऱ्याच कुठल्या तरी अर्जाच्या मागे होते. उत्तरात अंगठ्याचं चित्र पाठवलं.

काकींच्या नोंदी निघाल्या, आणि उरलेल्या आकड्यांचा आलेख विलक्षण दिसायला लागला. भर उन्हाळ्यात न आटणारा झरा! त्या खडकात पाणी साठून राहत असलं पाहिजे, असा अश्विनीने निष्कर्ष काढला. संघटनेने तिचं भाषण जूनच्या अधिवेशनात मुख्य सभागृहात घेतलं. आमच्या गटाला आजवर जेवणाच्या वेळी भित्तिपत्रकं लावायला एक भिंतच मिळत होती, त्यामुळे हे पहिल्यांदाच घडत होतं. शिष्यवृत्तीच्या अर्जातही तिने हेच संशोधन पुढे केलं होतं. मुलाखत अधिवेशनानंतर दोन आठवड्यांनी होती.

अधिवेशनाला दहा दिवस असताना मला वाटलं, भाषणात सोनाकाकींचा एक फोटो असावा. अश्विनी गुरुवारी जाणारच होती, पण गुरुवारी मला जमणार नव्हतं. म्हणून मी बुधवारीच निघाले. नसरापूरला उतरून वेल्ह्याची एसटी धरली आणि फाट्यापासून चालत गेले. पोचले तेव्हा पाच वाजत आले होते.

टाक्याशी तीन बायका हंडे घेऊन बसल्या होत्या, पण पन्हळीतून पाणी पडत नव्हतं. तिच्यात फडक्याचा बोळा ठोकून बसवलेला होता आणि वरून माती लिंपली होती. सोनाकाकी मला बघून लगबगीने खाली आल्या.

"आगं बाई, तुमी आजच आल्या? उद्याचं ठरलं हुतं न्हवं?"

"अश्विनी उद्या येईल काकी. मी फोटो काढायला आले. हा बोळा कशाला?"

"त्यो व्हय? उद्या अश्विनीबाई यायच्यात म्हणून दुपारीच मारलाय. सकाळपतुर टाकं कसं काठोकाठ भरतंय बगा, मंग त्या यायच्या आदी बोळा काडायचा."

हंड्यावर बसलेली एक तरुण बाई हसली, पण ते हसू गोड नव्हतं. "आमच्या घरात सांजच्या च्याला पाणी न्हाई, पर तुमच्या बाईंची बादली भरली पायजे!"

"गप ए सुमे. पाव्हण्यांम्होरं बोलतीस व्हय?"

"बोलू नको तर काय करू? पंदरा दिसाला योक उपास पाण्याचा. देवाला बी येवढं करत न्हाई आमी."

मला कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर बोलायला त्याहून जास्त. शेवटी मी विचारलं, "काकी, दर वेळी असं करता? अश्विनी यायच्या आदल्या दिवशी?"

"शिमग्याच्या आदीपासनं. धार बारीक झाली तवापासनं."

"पण मग तुमच्या वहीत..."

"वहीत खरंच लिवलंय म्या," काकी एकदम ताठ झाल्या. "ज्या दिशी पाव्हणं न्हाई त्या दिशी जे पडलं ते लिवलं. चवदा मिंटं लागली तर चवदा लिवली. येक मिंट इकडचं तिकडं न्हाई."

"मग अश्विनीला का नाही सांगितलं?"

"आता बगा," त्या मला लहान मुलीला समजवावं तसं सांगायला लागल्या, "ती पोर भोंगवलीवरनं उन्हातानाची येती. तिला कोरडं टाकं दावायचं? घरी पाव्हणा आला तर फाटकी वाकळ काडतो का आपन? आन् तुमी इचारलं न्हाई, म्या सांगितलं न्हाई."

मी फोटो काढला नाही. सुमीला म्हटलं, बोळा काढा. ती काकींकडे बघायला लागली. काकी म्हणाल्या, "मंग उद्या काय मोजनार ती?" मी म्हटलं, जे असेल ते. सुमीने बोळा ओढला आणि दुपारपासून साठलेलं पाणी भसाभसा बाहेर आलं. तिघींचे हंडे भराभर भरले. अश्विनीच्या वहीतला न आटणारा झरा तो हाच. काकींना मात्र माझा राग आला होता. चहा त्यांनी दिला, पण समोर बसल्या नाहीत.

परतीच्या एसटीत मी हिशोब मांडत होते. जे आकडे आम्ही फेकले ते खरे होते. जे ठेवले ते आमच्या पाहुणचाराचे होते. आणि दर पंधरवड्याला वाडीतली तेरा घरं एक संध्याकाळ कोरडी काढत होती, कशासाठी, तर आमचा आलेख छान यावा म्हणून.

घरी आल्यावर संघटनेच्या सचिवांना फोन केला. पेंडसे सर, सत्तरीचे, मनाने चांगले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"अगं, कार्यक्रमपत्रिका छापून झाली. आता कुठे बदलतेस? बोलू दे तिला. दुरुस्ती काय, नंतर शोधनिबंधात करता येते."

"सर, पण ते चूक आहे."

"चूक आहे हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. त्या मुलीचं आयुष्य मार्गाला लागतंय, त्यात आपण मोडता घालायचा का? तूच ठरव."

सर वाईट हेतूने बोलत नव्हते, म्हणूनच मोह पडला. मी इतकी दमले होते की काहीही न करणं हे मला त्या क्षणी एखाद्या पुण्यासारखं वाटलं. मग विचार आला, उद्या सकाळी ती टाक्याशी जाईल, बोळा नसेल, बादली भरणार नाही, आणि तिथे एकटीला तिला हे कळेल. मी तिला मेसेज केला, उद्या वाडीवर जाऊ नकोस, कामथडीला भेट, आणि माझं गुरुवारचं काम रद्द केलं.

कामथडीला हायवेलगतच्या एका हॉटेलात आम्ही भेटलो. मी सगळं सांगितलं. अश्विनी हेल्मेट मांडीवर घेऊन ऐकत होती. समोरचा चहा निवला.

"ताई, नियम तुमचा होता," ती म्हणाली.

"हो."

"आणि अंगठापण तुमचाच."

"हो."

"मग तुम्ही बुधवारी का गेलात? गुरुवारी गेला असता तर काय बिघडलं असतं?"

मी निवलेला चहा तिच्याकडे सरकवला.

"माझा अर्ज गेलाय. त्यात लिहिलंय, न आटणारा झरा. आण्णांनी अख्ख्या गावाला सांगितलंय. आता काय सांगू, की बायकांनी बोळा मारला होता?"

"मी आयोजकांना लिहून देते की चूक माझी आहे. तू भाषण मागे घे, किंवा..."

"किंवा काय?"

ती उठली आणि स्कूटी चालू करून गेली. पुढचे चार दिवस तिने फोन उचलला नाही. पाचव्या दिवशी तिची फाइल आली, सोबत एक अक्षर नाही. उघडून पाहिलं तर भाषण नवीन होतं. एकाच आलेखावर दोन रेषा होत्या, तिची आणि सोनाकाकींची. वरची सरळ चालली होती, खालची फेब्रुवारीपासून उतरत जमिनीला टेकली होती. वरच्या रेषेखाली तिने लिहिलं होतं, "ही रेषा चुकीची आहे. कारण पुढे सांगते."

अधिवेशनात तिची वेळ दुपारच्या चहाच्या अगोदरची होती. सभागृह अर्धं रिकामं होतं. ती नीट बोलली, न घाबरता, पण ते नेमकं काय आहे हे लोकांच्या लक्षात येत नव्हतं. शोध सांगायला आलेली मुलगी चूक का सांगते आहे? बोळ्याचा भाग आला तेव्हा काही जण मोठ्याने हसले. शेवटी पहिल्या रांगेतल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे तुमचा निष्कर्ष काय?"

"झरा उन्हाळ्यात आटतो, सर. वाडीला ते आधीपासून माहीत होतं."

पुन्हा हशा. गृहस्थ म्हणाले, "मग तुम्ही नोंदी तपासल्या नाहीत? नव्या मुलांना एवढी घाई असते!"

मी उभी राहिले. वाक्य तयार होतं, चार दिवस तयार होतं: नियम मी केला होता, तिने तो फक्त पाळला. माइक दोन रांगा पलीकडे होता आणि तो आणणारी मुलगी खुर्च्यांमधून वाट काढत होती. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. "उरलेली चर्चा चहाबरोबर करू," ते म्हणाले. माणसं उठली. मी उभीच होते, पण आता सगळेच उभे असल्यामुळे ते कुणाला दिसलं नसावं. माइकशिवाय ओरडून सांगता आलं असतं. दुसऱ्या एखादीने सांगितलंही असतं.

नंतर मी ते वाक्य पत्रात लिहून संघटनेला दिलं. पोच मिळाली. तीच गोष्ट अश्विनीच्या शिष्यवृत्तीवाल्यांनाही लिहिली. मुलाखतीत तिने सगळं खरं सांगितलं, असं ती म्हणाली. त्यांनी फार शांतपणे ऐकून घेतलं, असंही म्हणाली. शिष्यवृत्ती मिळाली नाही. कारण ते कळवत नाहीत, त्यामुळे यामुळेच गेली असं मला म्हणता येत नाही, आणि यामुळे गेली नाही असंही म्हणता येत नाही. ती आता शिरवळला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते. नोकरी कायम आहे. आण्णा खूश आहेत असं कळतं.

ते लॅमिनेट केलेलं पान मी सगळ्या वाड्यांवरून परत मागवलं. नवं पान मराठीत केलं, आणि त्यात आकडे कुणाचे धरायचे हा नियमच नाही. फरक पडला तर जाऊन विचारा, एवढं आहे. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी निमंत्रकपद दुसऱ्या एका गप्प मुलाकडे गेलं. त्याला मी यादी दिली, पासवर्ड दिले आणि अंगठ्याबद्दल सांगितलं. तो हसला. त्याला वाटलं, मी विनोद केला.

अश्विनी आणि मी वर्षभर फारसं बोललो नाही. सणाला मेसेज, तेवढंच. या एप्रिलमध्ये एका सुटीच्या दिवशी तिचा फोन आला. मागे वारा होता आणि भांड्यांचा आवाज.

"ताई, वाडीवर आलेय. न सांगता आले."

"काकी रागावल्या?"

"लई! म्हणाल्या, आधी कळवायला काय झालं होतं. बादली नाही आणली. बायका भरत होत्या ना, त्यांच्याच हंड्यावर मोजलं. पंधरा लिटरचा आहे सुमीचा हंडा. मी नुसती घड्याळ घेऊन उभी राहिले."

"किती?"

"बावीस मिनिटं. मधे काकी ओरडल्या, उभी काय ऱ्हायलीस पोलिसावानी, बस की खाली. मग बसले." मागे भरलेला हंडा उचलल्याचा आवाज आला. "ताई, एक हंडा भरायला बावीस मिनिटं. शेजारी बसून राहिलं की फार वेळ असतो हो तो."